बिजलीबाईचा ट्रेलरभाऊ

मित्रांनो, मी एक जुना ट्रेलर आहे. दोन चाके, एक लोखंडी पेटी, पुढे लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला कडी, एवढाच माझा अवतार. मला स्वतःचे इंजिन नाही. कोणी ओढल्याशिवाय मी हलत नाही आणि हे सांगायला मला लाजही वाटत नाही. तुमच्यातही अशी पुष्कळ मंडळी असतात, फक्त ती कबूल करत नाहीत.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. युद्धाच्या धामधुमीत मला हिरवा रंग फासून जहाजात घातले. आसामच्या चिखलात मी पिठाची पोती वाहिली, तंबू वाहिले, औषधांच्या पेट्या वाहिल्या. युद्ध संपले आणि सैनिक आपापल्या घरी गेले. आम्हाला कुठे घर होते? नागपूरकडच्या एका माळावर आम्ही रांगेने ऊनपाऊस खात उभे राहिलो. शेवटी १९५६ साली एका रस्ते कंत्राटदाराने लिलावात मला उचलले आणि मी यवतमाळ जिल्ह्यात आलो.

ते दिवस माझ्या ऐन उमेदीचे होते. खडी, मुरूम, डांबराचे पिंप, मजुरांची भांडीकुंडी, सांगाल ते मी वाहत असे. कंत्राटदार पाहुण्यांना कौतुकाने सांगे, "हा माझा बिनवैरणीचा बैल." मला ते ऐकून गुदगुल्या होत. पण एकदा एका मोरीच्या खड्ड्यात माझे चाक आदळले आणि आस वाकला. तेव्हापासून मी गोदामामागे पडून राहिलो. कौतुक किती लवकर आटते ते मला तिथे कळले. एका तांबड्या कोंबडीने मात्र माझ्या पेटीत अंडी घातली. त्या काळात मला आपले म्हणणारी तेवढी एकटीच.

कंत्राटदाराकडे भीमसिंग नावाचा गडी रस्ता दाबायचा रूळ चालवत असे. रूळ बिघडला तर दुरुस्तही तोच करी. त्याचे बिऱ्हाड पुसदजवळच्या एका तांड्यात होते. घरात म्हातारा बाप खेमसिंग, बायको बिजलीबाई आणि दोन-अडीच वर्षांची मुलगी रुपी. मंडळी बंजारा. घरात ती आपली गोरबोली बोलत. पण मी जन्मभर कामावर वऱ्हाडीच ऐकली, म्हणून त्यांचे बोलणे मला वऱ्हाडीतच आठवते.

भीमसिंगचे काम फिरतीचे होते. दसरा झाला की तो निघे तो पावसाच्या तोंडावरच परते. एका वर्षी असाच तो परत आला, अंगणात बसून त्याने दोन्ही हात पुढे केले, आणि रुपी परका माणूस पाहावा तशी आजोबाच्या पायाला बिलगून रडू लागली. भीमसिंग हसला, पण त्या दिवशी तो नीट जेवला नाही. बिजलीबाईने ते पाहिले.

ती म्हणाली, "पोरगी बापाले ओयखत नाही. यंदा आमी दोघीबी तुमच्यासंगं येतो."

"तिथं तरटाच्या झोपडीत राहाल?"

"झोपडीत नाही. पोरगी तान्ही होती तवा तिथं तापानं फणफणली होती. वरतं छप्पर पायजे, खाली फळ्या पायजे, अन् आतून लावाले एक कडी पायजे. ते असन तं येतो. नसन तं तुमी जा, आमी तांड्यातच बऱ्या."

भीमसिंगला बायकोचा स्वभाव ठाऊक होता. तिने एकदा म्हटले की म्हटले. तो विचार करत बसला आणि मग त्याला मी आठवलो. रूळ पुन्हा चालता केल्याबद्दल कंत्राटदाराने त्याला गोदामामागचे वाटेल ते भंगार न्यायला सांगितले होते. दोन बैलांना जुंपून, वाकड्या आसावर खुरडत खुरडत, मी तांड्यात आलो. तांबडी कोंबडीही माझ्यातच बसून आली. तिला उतरायचे कोणी सांगितलेच नाही.

आता तुम्हाला वाटेल की भीमसिंगने लगेच माझे घर करायला घेतले. कसले काय! घर मागितले बाईने आणि बुवा बसले मोटर करत. एका उलटलेल्या जीपचा सांगाडा त्याने कुठून तरी मिळवला. त्यात आठ सिलिंडरचे, एका जुन्या लॉरीचे इंजिन बसवायचे त्याच्या डोक्याने घेतले. इंजिन उचलायला चिंचेच्या फांदीला मोटेचे चाक बांधले, दोराला बैल लावले. बैल पुढे चालले की इंजिन वर जाई, मागे सरले की खाली येई. तांडाभर माणसे काम टाकून पाहायला जमत. दारे नाहीत, छप्पर नाही, चिखल अडवायला पत्रे नाहीत. "वजन कमी, पळ जास्ती," असे भीमसिंग म्हणे. धूर सोडणाऱ्या नळ्या त्याने दोन्ही बाजूंनी बाहेर काढल्या, मागे उलट्या तोंडाचा एक बाक ठोकला, आणि रस्त्यावर धोक्याच्या पाट्या रंगवून उरलेला लाल रंग तिला फासला. पोरांनी तिचे नाव ठेवले भिंगरी.

खरे सांगतो मित्रांनो, मी जळत होतो. ती चालू झाली की तांड्यातली कुत्री पळत आणि माणसे हसत. माझ्याकडे बघतो कोण?

बिजलीबाई एक दिवस कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मले घर पायजे होतं. हे कोणाले पायजे?"

"घर ओढाले कोणी लागन ना?"

"कंत्राटदाराचा ट्रक ओढन."

"दुसऱ्याच्या ट्रकामांगं आपलं घर कायले बांधाव? आपलं घर, आपली मोटर."

"अन् दसरा आपल्यासाठी थांबन का?"

भीमसिंगने हातोडा उचलला आणि तो माझ्याकडे वळला.

आणि मग माझे भाग्य उजळले. आस सरळ झाला. तळाला सागाच्या फळ्या आल्या. डांबराचे रिकामे पिंप फोडून, ठोकून त्यांचे पत्रे झाले, त्यांच्या भिंती आणि छप्पर झाले. उन्हात तापू नये म्हणून आतून तरट लावले. एक खिडकी आली. मागचे फळके बिजागरीवर बसवले, ते खाली सोडले की ओटा होई. ओट्याला लागून अर्ध्या पिंपाची चूल. दाराला आतून लावायची कडी भीमसिंगने स्वतः घडवली आणि बिजलीबाईला पाच वेळा लावून-काढून दाखवली. तिने दाराला आरशांच्या टिकल्यांचा पडदा शिवला. दिवस वर आला की माझ्या पोटात उजेडाचे ठिपके नाचत. लोखंड असूनही मला त्या दिवसांत फार मऊ वाटत असे.

सामान कसे भरायचे ते मात्र खेमसिंगबाबांनी ठरवले. तो मान त्यांचाच होता. तरुणपणी ते आपल्या बापाबरोबर लदेणीला जात, म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्याच्या आणि मिठाच्या गोण्या लादून जिथे गाडीरस्ता नाही तिथे पोहोचवत. लदेणीचा पहिला धडा असा की दोन्ही बाजूंच्या गोण्या सारख्या हव्यात आणि जनावराच्या खांद्याला काच बसू नये. बाबांनी तोच धडा मला लावला. मागे चूल, जाते, पाण्याचा भरलेला पिंप. पुढे पेटी आणि ज्वारीचे पोते. कधी इकडचे तिकडे, कधी तिकडचे इकडे, असे करत ते माझा दांडा उचलून पाहत. शेवटी त्यांनी तो एका बोटावर उचलला.

"पाहा," ते भीमसिंगला म्हणाले, "मोटरच्या मानेवर फुलाएवढाबी भार नाही. हे आमच्या बापाचं शिक्षण हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही खूश होतो. बैलावर माया करणारा माणूस मोटरवरही तशीच माया करत होता, त्यात चूक कोणाला दिसणार?

दसरा तोंडावर आला होता. रुपीला शेजारणीकडे ठेवून मंडळी दिग्रसच्या रस्त्याला आम्हाला पारखायला निघाली. बापलेक भिंगरीवर पुढे, बिजलीबाई माझ्या पोटात, आपल्या नव्या घराच्या खिडकीशी. गाव मागे पडले, रस्ता सरळ लागला, आणि भीमसिंगच्या पायाला राहवेना. भिंगरी गरजली.

माझा दांडा हलका होता. कडीला खाली दाबून धरणारे काही नव्हते. वेग वाढला तशी माझी मागची बाजू जराशी डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे. मी सरळ राहायचा फार प्रयत्न केला, पण मागचे जाते आणि पिंप मला झोके देत होते. शेवटी मी शेपटीसारखा असा काही हललो की पुढची भिंगरीही गिरकी खाऊन आडवी झाली. भीमसिंगने ब्रेक दाबला. आम्ही कपाशीच्या बांधाला टेकून थांबलो.

आत भांड्यांचा खच पडला होता. पिंप लवंडून रिकामा झाला होता. जात्याच्या दोन्ही तळ्या घरंगळत थेट पुढच्या भिंतीपाशी जाऊन पेटीखाली अडकल्या होत्या. बिजलीबाई खिडकीची चौकट धरून उभी होती. तिचे कोपर खरचटले होते. भीमसिंग धावत आला. ती खाली उतरली आणि एवढेच म्हणाली, "पोरगी संगं नव्हती, हे बरं."

परतताना ती माझ्यात बसली नाही. भिंगरीच्या उलट्या बाकावर, माझ्याकडे तोंड करून बसली आणि साऱ्या वाटभर माझ्याकडे पाहत राहिली. उतारावर भीमसिंगला भान राहिले नाही आणि भिंगरी पुन्हा सुसाट सुटली. बिजलीबाईने डोळे मिटले. मग एक डोळा उघडला. मी सुतासारखा सरळ येत होतो.

तांड्यात पोहोचल्यावर खेमसिंगबाबा घोंगडीवर बसले आणि म्हणाले, "ट्रेलर अवलक्षणी हाय. युद्धातला माल, कोणाचं काय वाहिलं असन याच्यातून. पुसदच्या भंगारवाल्याले सांगावा धाडा."

भीमसिंगच्या मते दोष आसात होता. त्याने चाके काढली, लावली, पुन्हा काढली. बिजलीबाई त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणाली, "दोष चाकाचा नाही. येताना जातं समोर अडकलं होतं, पिंप रिकामा होता, तं हा नीट आला. भार समोर पायजे."

भीमसिंगचा पाना थांबला. तिचे म्हणणे त्याला पटले होते, ते मला त्याच्या हातावरून कळले. पण तो म्हणाला, "वजन बाने लावलं हाय. त्याच्या बापाची विद्या. मी कसा म्हणू की चुकलं? तूच सांग."

"मी? मी कशी बोलू त्यांच्यासंगं?"

मित्रांनो, तुम्ही हसाल. पण त्यांच्यात सून सासऱ्यासमोर ओढणी ओढून घेई आणि त्याच्याशी समोरासमोर बोलत नसे. लेकाला धीर होईना, सुनेला रीत आडवी येई. आणि या दोघांच्या मध्ये मी, उद्या हातोड्याखाली जाणारा.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आलाच. त्याने माझ्या पत्र्यावर टकटक केले, आरशांचा पडदा उचलून आत पाहिले आणि "उद्या हातगाडा आन् माणसं घेऊन येतो," म्हणून गेला. मला आसामची आठवण आली नाही, माळाची नाही. तांबडी कोंबडी आता कुठे अंडी घालेल, एवढेच मनात आले.

तिसऱ्या प्रहरी खेमसिंगबाबा चिंचेखाली सुतळी वळत बसले होते. बिजलीबाई झाडू घेऊन आली. तिने डोक्यावरची ओढणी नाकापर्यंत ओढली, सासऱ्याकडे पाठ केली आणि मला झाडू लागली. मग मोठ्याने म्हणाली,

"ट्रेलरभाऊ, ऐकून राह्यला का?"

मी दचकलो. माझ्या साऱ्या आयुष्यात मला कोणी भाऊ म्हटले नव्हते.

"ट्रेलरभाऊ, तुह्या अंगात काही भूतबित नाही. बैलाच्या पाठीवर गोणी जाते तं सारखी लागते, हे खरं हाय. त्या शिक्षणात खोट नाही. पण तू कोणाच्या पाठीवर नाही जात, भाऊ. तू मांगं मांगं येतं. येताना जातं तुह्या समोर अडकलं होतं तं तू कसा शहाण्यावानी आला, म्या सोता पाहलं. तुह्या समोर भार पायजे. पण तू बिचारा मुका. तुह्यासाठी कोण बोलन?"

लेकी बोले सुने लागे, असे तुम्ही ऐकले असेल. इथे सून ट्रेलरला बोलत होती. चिंचेखाली सुतळी वळायची थांबली. बिजलीबाई झाडून स्वच्छ झालेली जागाच पुन्हा पुन्हा झाडत होती. हे बोलणे बाबांना झोंबले असते तर पुढचे सारे वर्ष तिला आणि रुपीला तांड्यात काढावे लागणार होते, आणि घरातली शांती गेली असती ती वेगळीच.

मग बाबा खाकरले. उठले. माझ्या मागे आले, जात्याची वरची तळी छातीशी धरली आणि चालत चालत पुढे नेऊन ठेवली. मग खालची नेली. भीमसिंग धावला, तर त्यांनी त्याला पिंप दाखवला. पिंप पुढे आला, पाण्याने भरला. बाबांनी माझा दांडा एका बोटाने उचलून पाहिला. उचलेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे उठला.

"आता हा मोटरची मान धरून चालन," ते म्हणाले. "मले मंघापासून हेच सुचून राह्यलं होतं."

ओढणीआड बिजलीबाई हसली. ते फक्त मला दिसले.

संध्याकाळच्या आत आम्ही पुन्हा त्याच रस्त्याला गेलो. या वेळी बाबा स्वतः माझ्या पोटात बसले. भीमसिंगने आधी जपून, मग बिनधास्त पाय दाबला. कपाशीची शेते मागे पळू लागली. मी भिंगरीच्या मागून सरळ, शांत जात होतो, आणि आतून बाबांचा आवाज आला, "हळू कायले करतं? चालू दे." सकाळी भंगारवाला हातगाडा घेऊन आला, त्याला चहा पाजून परत पाठवले.

दसऱ्यानंतर निघायचा दिवस आला. मुक्काम पडायचा होता कळंबच्या बाजूला. दारव्हा, बोरी अरब, यवतमाळ असा लांबचा पल्ला. सामान भरून झाले. रुपी बापाच्या खांद्यावर बसून भिंगरीचा भोंगा वाजवत होती, आणि तो वाजला की स्वतःच दचकत होती. पावसाळाभरात तिला बापाची इतकी सवय झाली होती की झोपतानाही ती त्याचा कान सोडत नसे. तांड्यातल्या बाया बिजलीबाईच्या गळ्यात पडून रडल्या. बाबा मात्र बाजूला उभे होते. ते तांड्यातच राहणार, असे साऱ्यांनी धरून चालले होते. कोणी विचारले नव्हते, आणि त्यांनीही काही म्हटले नव्हते.

भीमसिंगने इंजिन चालू केले. तेवढ्यात बाबा काठी टेकत माझ्याजवळ आले. माझ्या पत्र्यावर हात ठेवला आणि बिजलीबाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"ट्रेलरभाऊ, भार समोर पायजे म्हणतेत. जातं हाय, पिंप हाय. पण कमी पडन तं एक म्हातारा माणूस हाय. जास्ती जड नाही. जागा असन तं पाहाजो."

बिजलीबाई दारात होती. तिने ओढणी पुढे ओढली. मग म्हणाली, "ट्रेलरभाऊ, त्यांना सांगजो, खिडकीजवळ गोधडी काल्हीच टाकून ठेवली हाय. कोणाची वाट पाहून राह्यलो आपण?"

मी आत पाहिले. जाते थोडे सरकवलेले होते. जाते आणि पिंप यांच्यामध्ये, खिडकीला लागून, एका माणसाची जागा होती. त्यावर घडी केलेली गोधडी होती.

त्या जागेवर बसून खेमसिंगबाबांनी पुढे कितीतरी गावे पाहिली. कळंब पाहिले, राळेगाव पाहिले, पैनगंगेचा काठ पाहिला. सासरा आणि सून एकमेकांशी कधीच समोरासमोर बोलले नाहीत. पण माझ्यामार्फत ते इतके बोलले, इतके भांडले आणि इतके हसले की मी मुका आहे हेच मी विसरून गेलो.

आता साठचे दशक सरत आले आहे. रुपी पुसदच्या शाळेत जाते, म्हणून मंडळींनी तांड्यात विटांचे घर बांधले. भिंगरीचे इंजिन आता विहिरीवर पाणी ओढते. बाबा गेले, निंबाच्या झाडाएवढे आयुष्य जगून गेले. मी त्यांच्या चिंचेखाली उभा आहे. माझ्यात रुपी अभ्यास करते, आणि तांबड्या कोंबडीच्या लेकीसुना अंडी घालतात. बिजलीबाई वर्षातून दोनदा माझ्या चाकांना वंगण देते आणि वंगण देताना घरातली सारी गाऱ्हाणी मला सांगते.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू डगमगली तर लगेच हातोडा उगारू नका. तिचा भार कुठे चुकला आहे ते आधी पाहा. पत्र्याला गंज चढू देऊ नका, चाके कोरडी ठेवू नका. आणि एक लक्षात ठेवा. घर भरताना जे जड वाटते ते मागे टाकायचा मोह होतो. ते पुढे, खिडकीजवळ बसवा. माझे सारे मुक्काम त्या भारामुळेच सरळ पार पडले.

माझ्या पोटात ती गोधडी अजून तिथेच आहे. रुपी अभ्यासाला बसते, पण त्या जागेवर बसत नाही. कालच तिने मला विचारले, "ट्रेलरमामा, आजोबाले थंडी वाजत असन का?" मी मुका, काय सांगणार? तिने आपल्या हाताने गोधडीची घडी उलगडली, नीट पसरली, आणि खिडकी लावून घेतली.